लिंबाची बी

मी आयुष्यात दोनदाच खरं बोललो आहे. पहिल्यांदा लग्नात, भटजींनी नाव-गोत्र विचारलं तेव्हा. दुसऱ्यांदाची ही हकीकत. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत जे बोललो त्याला आमच्या वेंगुर्ल्यात गजाली म्हणतात. ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करण्यात माझे दिवस गेले आणि बंदरावरच्या बाकावर गजाली सांगण्यात संध्याकाळी. एका सुरमईने मला ओळखून जाळ्यातून शेपटी हलवली होती, ती गजाल अजून दाभोली नाक्यापर्यंत चालते. पण त्या गुरुवारी सकाळी मी जे बोललो ती गजाल नव्हती, ते नुसतं खोटं होतं. दोन्हींत फरक काय, हे मला पंचाहत्तराव्या वर्षी एका माशाने शिकवलं.

माशाचं नाव फौजदार. नाव मीच ठेवलं. ताटलीएवढा, तपकिरी अंगाचा, अंगावर निळ्या कमानी आणि खांद्यावर एक निळं कडं. टाकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी गस्त घालायचा, की मला उगाच आपलं लायसन्स खिशात आहे ना ते बघावंसं वाटे.

हा फौजदार आमच्या घरी पाहुणा होता. २०३९च्या उन्हाळ्यात समुद्र तापला, समोरच्या खडकांवरची पोवळी पांढरी पडली आणि तिथले रंगीत मासे मरायला लागले. तेव्हा बंदरावरच्या संशोधन केंद्राने उरलेली पिल्लं गोळा केली आणि काही वर्षं पोसून तालुक्यातल्या सत्तर घरांत वाटली. खडक पुन्हा जिवंत होईपर्यंत पाहुणे सांभाळा म्हणाले. टाकी त्यांची, खारं पाणी त्यांचं. आपण खायला घालायचं, आणि रोज जेवढं पाणी वाफ होऊन उडेल तेवढं गोडं पाणी वरून घालायचं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून गोडं. आमच्याकडे हे काम माझ्या बायकोचं, उज्ज्वलाचं. मी टाकीला कधी हात लावला नाही. मला मासा कढईत बरा वाटतो.

आता या माशावर आमचं काय टांगलेलं होतं ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी उज्ज्वला विसरायला लागली. आधी चष्मा, मग गॅस. एकदा मिहीरला, म्हणजे आमच्या मुलाला, फोनवर स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारली. तो पुण्याहून धावत आला. तिथे ‘विसावा’ नावाचं वृद्धांचं घर आहे, तिथला फॉर्मच घेऊन आला. उज्ज्वलाने फॉर्म वाचला, घडी घालून त्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाली, “मला एखादं काम देऊन बघ. जमलं नाही तर नेऊन टाक.” शेवटी तह झाला. केंद्राचा मासा आईने एकटीने वर्षभर सांभाळायचा. जगला, तर मिहीर विसाव्याचं नाव काढणार नाही. मेला, तर दोघांनी निमूट पुण्याला यायचं.

वर्ष त्या रविवारी पुरं होणार होतं. मिहीर गुरुवारीच येऊन पोचणार होता.

आणि गुरुवारी सकाळी साडेसातला फौजदार टाकीच्या कोपऱ्यात, पंपाच्या बुडबुड्यांखाली तोंड वर करून लटकत होता. पंख अंगाला चिकटलेले. कल्ले असे चाललेले, की डिझेलमध्ये पाणी शिरलेल्या इंजिनाची मला आठवण झाली. ते आता बंद पडणार हे आवाजावरूनच कळतं. इथे आवाज नव्हता, एवढंच.

उज्ज्वला परसात अबोली खुडत होती. मी टाकीजवळ गेलो आणि मला दोन गोष्टी दिसल्या. टाकीशेजारी स्टुलावर तिचा पाण्याचा तांब्या, रिकामा. आणि टाकीत, पाण्यावर तरंगणारी लिंबाची एक बी.

तिने तांब्यातलं लिंबूपाणी टाकीत ओतलं होतं. मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, तिला खोटं बोलता येत नाही. मला तेच नको होतं. मी बी काढली, तीही चमच्याने. हात पाण्यात बुडवला नाही, कारण टाकीच्या कडेला चहाडखोर बसलेला होता. तांब्या नेऊन पाट्यावरवंट्याच्या मागे लपवला.

चहाडखोर हे माझं नाव. केंद्रवाले त्याला जलवाचक म्हणतात. काडेपेटीएवढी डबी, आणि तिची शेपटी पाण्यात. तो काय करतो ते मला केंद्रातल्या डॉक्टर ओवी खोबरेकरने एकदा खानावळीचं उदाहरण देऊन समजावलं होतं. ही ओवी माशांची डॉक्टर, वय तिशीचं, अख्खा तालुका स्कूटरवरून पालथा घालते.

“प्रत्येक पेशी म्हणजे एक खानावळ समजा, काका,” ती म्हणाली होती. “मालकाच्या कपाटात सगळ्या पदार्थांच्या कृती आहेत. तो डीएनए. पण आज काय रांधायचं याच्या चिठ्ठ्या तो रोज आचाऱ्याकडे पाठवतो. त्या चिठ्ठ्या म्हणजे आरएनए. माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा सतत पाण्यात सुटतो, त्यातून चिठ्ठ्याही सुटतात. चिठ्ठ्या वाचल्या की कळतं, आत आज कशाची धावपळ चाललीय. जंतू शिरला तर एक चिठ्ठी, दम कोंडला तर दुसरी. मासा बोलत नाही, पण त्याचं पाणी बोलतं.”

“आणि आपण पाण्यात हात घातला तर?”

“आपल्याही चिठ्ठ्या पडतात.”

तिथेच तर घोटाळा झाला होता. उभादांड्याच्या एका गृहस्थाने तंबाखू सोडल्याची शपथ घेतली होती. टाकीने घरच्यांसमोर सांगितलं की सोडलेली नाही. शिरोड्याला तर एक ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून नियम झाला. माणसांच्या चिठ्ठ्या यंत्र वेगळ्या पानावर ठेवतं, पान बंद असतं आणि ज्याचं पान त्याच्याच अंगठ्याने उघडतं. चहाडखोराच्या तोंडाला झाकण बसलं, पण कान उघडेच राहिले.

पावणेआठला ओवीची स्कूटर दारात. टाकीने केंद्रात घंटा वाजवली होती.

“काका, आज गजाल नको,” चप्पल काढता काढता ती म्हणाली. “विचारते तेवढंच सांगा.”

तिने आधी पाण्याची परीक्षा घेतली. ऊब बरोबर, प्राणवायू भरपूर, माशाच्या घाणीचं विष नाही. मिठाचं प्रमाण किंचित उतरलेलं. “गोडं पाणी जरा जास्त पडलंय,” ती पुटपुटली, “पण एवढ्याने असं होत नाही.” मग घड्याळ धरून कल्ले मोजले. मिनिटाला एकशे साठ. नेहमीच्या दुपटीच्या वर. चहाडखोराचं बटण दाबलं, तसं त्याने थेंबभर पाणी आत ओढलं. त्याला चिठ्ठ्या वाचायला चाळीस मिनिटं लागतात.

उज्ज्वला ओंजळीत अबोली घेऊन आत आली. “ओवी, चहा टाकते गो. हा आज बरा दिसत नाही, ना?”

“बघते, काकू. आधीपासून मलूल होता?”

“सोमवारी वीज गेली होती ना, तेव्हापासून जरा…” ती आठवायला लागली. मी घाईघाईने म्हणालो, “उजू, चहा. आलं घालून.” ती गेली.

ओवीने खोलीतला दिवा घालवला, बॅटरी टाकीला आडवी धरली आणि माशाच्या अंगावरून प्रकाश फिरवला. “एक रोग असतो, मखमल म्हणतो आम्ही त्याला. डोळ्यांना न दिसणारा परजीवी. आधी कल्ल्यांत घुसतो, म्हणून मासा असा धापा टाकतो. दोन दिवसांत संपवतो. शेवटी अंगावर सोन्याची बारीक धूळ दिसते. मला आत्ता दिसत नाहीये. तुम्हाला काल-परवा दिसली का?”

बघा, दार कसं आपोआप उघडलं. मखमल असेल तर दोष समुद्राच्या पाण्याचा, केंद्राचा, नशिबाचा. उज्ज्वलाचा नाही.

“दिसली ना,” मी म्हणालो. “परवा संध्याकाळी. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं होतं, त्यात वळला तर अंगभर झगमग. मी उज्ज्वलाला म्हटलंसुद्धा, फौजदाराने पैठणी नेसलीय.”

“कल्ल्यांच्या बाजूला की पाठीवर?”

“कल्ल्यांपासून सुरू होऊन पाठीवर पसरत गेलेली.”

एवढं बारकाईने सांगितलं की कोणालाही पटतं. माझा धंदाच तो. ओवीने यंत्राकडे पाहिलं. अजून एकतीस मिनिटं. माशाकडे पाहिलं. तो आता एका कुशीवर कलायला लागला होता.

“एवढा वेळ नाही याच्याकडे,” ती म्हणाली आणि पिशवीतून बाटली काढली. आतलं औषध गर्द निळं, मोरचुदासारखं.

“हे कसलं?”

“तांबं. पाण्यात विरघळवलेलं. मखमलीला हाच उतारा. पण फार जपून द्यावं लागतं. जास्त झालं तर कल्ल्यांची नाजूक कातडीच भाजून निघते. टाकीत कोळंबी, गोगलगाय असतील तर त्या थेंबभरानेही मरतात. त्यांना आधी बाहेर काढायचं. जाळी द्या.”

मी जाळी दिली. ती वाकून खडकांमागे शोधायला लागली. टाकीत एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी होती, फौजदाराचं अंग साफ करणारी. उज्ज्वला तिला शिपाई म्हणायची. जाळीत शिपाई आला तो उताणा, पाय गोळा केलेले. मग गोगलगाय आली, शंखातून लोंबकळत.

ओवी थांबली. “मखमल माशांना होते. कोळंबीला नाही.”

“म्हातारी झाली असेल,” मी म्हणालो.

“दोघं एकाच दिवशी?”

तेवढ्यात माझं डोकं, जे तोंडाच्या नेहमी दोन पावलं मागे असतं, ते येऊन पोचलं. तांब्याने कोळंबी मरते. आणि पाट्यामागे मी लपवलाय तो तांब्या कशाचा? तांब्याचा. त्यात रात्रभर काय होतं? लिंबू. आपण तांब्याची भांडी कशाने लख्ख करतो? लिंबाने. भांडं लख्ख होतं म्हणजे वरचा थर लिंबाने खाल्लेला असतो. तो जातो कुठे?

पाण्यात.

ओवीने बाटलीचं झाकण काढलं होतं. थेंब मोजायची नळी निळ्या पाण्यात बुडाली. बाहेर फाटक करकरलं, आणि मिहीरचा आवाज आला, “आई, दार उघडंच ठेवलंय?”

आता हे ऐकणाऱ्याने क्षणभर माझ्या जागी उभं राहावं. गप्प बसलो, तर मासा औषधाने मरेल, रोगाने मेला असं ठरेल आणि कोणाला काही कळणार नाही. पण मेला म्हणजे मेला, पुणं. बोललो, तर मासा कदाचित जगेल, पण त्याला उज्ज्वलाने विष घातलं हे मिहीरच्या देखत उघडं पडेल, म्हणजे पुन्हा पुणंच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी. नळी टाकीवर आली.

“थांब,” मी म्हणालो. “पाण्यात तांबं आधीच आहे.”

“काय?”

“धूळबिळ काही दिसली नव्हती मला. पैठणी मी नेसवली. तांब्याच्या भांड्यातलं लिंबूपाणी पडलंय टाकीत. ओतलं मी.”

ओवीने नळीतलं औषध बाटलीत परत सोडलं, एका थेंबाचाही फरक न करता. मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी फक्त जळालेल्या पिस्टनकडे टाकत असे. “काका, आणखी दहा सेकंदांनी मी याला मारलं असतं. माझ्या हातांनी.”

तिने स्कूटरवरून खाऱ्या पाण्याचा कॅन आणला, बादलीत ओतला, टाकीतल्याएवढा कोमट केला, हवेची नळी सोडली आणि फौजदाराला ओंजळीत धरून बादलीत ठेवलं. टाकीत कोळशाची पिशवी लोंबत सोडली, तांबं शोषून घ्यायला. मिहीर खांद्यावर बॅग तशीच घेऊन उंबऱ्यात उभा होता.

“गेला का?” त्याने विचारलं.

“अजून नाही,” ओवी म्हणाली.

“बाबा, तुम्ही लिंबूपाणी ओतलंत? माशाच्या टाकीत? का?”

“हात घसरला.”

“तुम्ही तर टाकीच्या जवळ जात नाही.”

“म्हणूनच घसरला. सवय नाही.”

चहाडखोराने टुणटुण केलं. ओवीने पडदा पाहिला. माशाच्या कल्ल्यांतून एकाच चिठ्ठीचा पाऊस पडला होता. धातू पकडून बांधून ठेवणारं एक प्रथिन असतं, ते बनवा, आणखी बनवा, लवकर बनवा, अशी. नेहमीच्या नऊशेपट. तिने मान हलवली. “तांबंच. हे तरी खरं बोललात.” मग तिने पुढे वाचलं आणि तिचं बोट थबकलं. “माणसाचं पान एकच आहे. आणि त्यावर लाल ठिपका.”

“म्हणजे?” मिहीर.

“गेल्या काही दिवसांत एकाच माणसाचा हात पाण्यात गेलाय. आणि त्या माणसाच्या चिठ्ठ्या बऱ्या नाहीत. काय ते मला दिसत नाही, पान बंद आहे. यंत्र फक्त एवढंच सांगतं, की याला डॉक्टर दाखवा.” तिने डबी माझ्यापुढे धरली. “ओतताना तुमचा हात भिजला असेल, काका. पान तुमचंच असणार. अंगठा ठेवा.”

मी अंगठा ठेवला. दुसरं काय करणार? डबीतून एक गोड बाईचा आवाज आला: “हे पान आपले नाही.”

माझ्या गजालीवर आजवर पुष्कळ लोक हसले. पण काडेपेटीएवढ्या डबीने मला तोंडावर खोटारडा ठरवलं, ते पहिल्यांदाच. सकाळी हुशारी करून चमचा वापरला होता ना, ती हुशारी अशी अंगाशी आली.

मिहीरला कळायला वेळ लागला नाही. त्याने बॅग खाली ठेवली आणि फार हळू म्हणाला, “आईने ओतलं. ती विसरली की टाकीत काय घालायचं. आणि तुम्ही झाकत होतात.”

चहाचा ट्रे घेऊन उज्ज्वला दारात उभी होती. किती वेळ, देव जाणे. तिने ट्रे ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “पान माझं असेल. आण गो ती डबी.”

“उजू, नको,” मी म्हणालो. तिच्या आतलं जे काही बिघडलं होतं ते पडद्यावर येणार, मिहीर ते वाचणार आणि मग फौजदार जगला काय नि मेला काय. “तुझं पान आहे. बंद ठेवायचा हक्क आहे तुला. नियम आहे तसा.”

“बाबा, तिला आजार असेल तर कळायला नको?”

“मी माणसांची डॉक्टर नाही,” ओवी म्हणाली. “पण लाल ठिपका यंत्र उगाच देत नाही. या वर्षात तिसरा बघतेय मी.”

लाल ठिपका. मी त्या ठिपक्याकडे पाहत राहिलो. सकाळपासून मी माशाचा विचार करत होतो. माशाने तांब्यातलं पाणी प्यायलं आणि त्याची ही गत. पण ते पाणी माशासाठी भरलेलं नव्हतंच. ते रोज कोणासाठी भरलं जात होतं, आणि ते भरणारा कोण?

मी पाट्यामागून तांब्या काढला आणि सगळ्यांच्या मधे टेबलावर ठेवला.

“आता मी बोलतो ते कोणी मधे तोंड घालू नका,” मी म्हणालो. “दोन वर्षांपूर्वी ही विसरायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, वय झालं, वाट बघा. मला वाट बघता येत नाही. इंजिन खोकलं की मी पाना उचलतो. इथे पाना कुठे लावणार? म्हणून मी हिला एक गजाल सांगितली. माझे आजोबा तांब्यातलं पाणी पिऊन एकशे अकरा वर्षं जगले आणि मरेपर्यंत त्यांना गलबतावरच्या प्रत्येक खलाशाचं नाव पाठ होतं. नुसतं पाणी सांगितलं असतं तर कदाचित इतकं बिघडलं नसतं. पण मला गजालीत एक लिंबू जास्त पिळायची सवय. रात्री अख्खं लिंबू पिळायचं, सांगितलं मी, आणि सकाळी उपाशीपोटी प्यायचं. मीच पिळतो रोज. मीच आणून देतो.”

“बाबा, पुरे झालं,” मिहीर म्हणाला. “आईला वाचवायला आणखी एक गोष्ट.”

“खरं सांगतोय.”

“मघाशीही खरंच सांगत होतात. हात घसरला म्हणे.”

पंचाहत्तर वर्षं ज्या तोंडावर मी जगलो ते तोंड ऐन वेळी असं कवडीमोल ठरलं. मी तांब्या उचलून उजेडात त्याच्यासमोर तिरका धरला. बाहेरून काळवंडलेला, हात लागून लागून डागाळलेला. आतून मात्र नव्या नवरीच्या नथीसारखा लखलखीत. आणि पाणी जिथपर्यंत भरायचो तिथे एक रेघ. रेघेखाली पत्रा बोटाला जाणवेल इतका पातळ झालेला.

ओवीने बोट फिरवून पाहिलं. “पाणी कसलं? विहिरीचं?”

“फिल्टरचं.”

“फिल्टरचं पाणी भुकेलं असतं,” ती मिहीरला म्हणाली. “त्यातले सगळे क्षार काढलेले असतात, त्यामुळे जे मिळेल ते ओढून घेतं. त्यात लिंबाचं आम्ल. आणि रात्रभर.” ती उज्ज्वलाकडे वळली. “काकू, दोन वर्षं रोज?”

“गेले तीन दिवस सोडून,” उज्ज्वला म्हणाली. “सोमवारपासून हा जेवत नव्हता. माझा वाटा त्याला दिला.”

म्हणजे ती विसरली नव्हती. टाकीत काय घालायचं ते तिला ठाऊक होतं. तरी घातलं, कारण माझं औषध आहे म्हणून.

तिने डबी उचलली आणि अंगठा ठेवला. पान उघडलं. ओवीने वाचलं, दोनदा वाचलं, आणि पडदा मिहीरकडे वळवला. माशाच्या पानावर जी चिठ्ठी होती तीच इथेही होती, माणसाच्या अक्षरात. धातू बांधा, आणखी बांधा.

तिला आम्ही त्याच दुपारी जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. यकृताची तपासणी झाली, रक्त झालं. डॉक्टरांनी मला तांब्याविषयी तीन वेळा विचारलं, आणि तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. एकच गोष्ट तीनदा तशीच सांगणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. तांबं अंगाबाहेर काढणारी गोळी सुरू झाली.

रविवारी फौजदार बादलीतून टाकीत परतला. शेपटीचा काठ जरा झडला होता, पण संध्याकाळी त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घातली. मिहीर टाकीसमोर खुर्ची घेऊन बसला होता. वर्ष पुरं झालं होतं.

“तह काय ठरला होता?” मी विचारलं.

“मासा जगला तर आई इथे राहणार,” तो म्हणाला. “तुमच्याबद्दल काही ठरलं नव्हतं. खरं तर विसाव्यात तुम्हालाच ठेवायला हवं. एक माणूस, एक मासा, एक कोळंबी आणि एक गोगलगाय. एका लिंबात.”

“ते लिंबू मोठं होतं,” मी म्हणालो.

तो हसला नाही. पण त्याने फॉर्म फाडला, आणि महिनाभर इथूनच काम केलं. जाताना तांब्या बॅगेत घालून घेऊन गेला. शेवटी पुण्याला गेला तो तांब्याच.

चार महिने झाले त्याला. विसरण्यातलं निम्मं तांब्याचं निघालं. उरलेलं निम्मं तिचं स्वतःचं आहे, ते राहणार. चष्मा अजून सापडत नाही. पण मिहीरला मिहीर म्हणते, आणि शिपायाच्या जागी आलेल्या नव्या कोळंबीला हवालदार. हे नाव तिने ठेवलं.

काल सकाळी मी तिला पाणी नेऊन दिलं. स्टीलचं फुलपात्र, विहिरीचं पाणी, लिंबू नाही. तिने घेतलं, आत डोकावून पाहिलं.

“याची गजाल काय?”

“याची काही गजाल नाही. साधं पाणी आहे.”

ती अर्धं प्यायली. मी तिच्यासमोर बसलो. चार महिने जे विचारायचं राहिलं होतं ते विचारून टाकलं. “तुला खरंच वाटलं होतं का गो, एकशे अकरा?”

“छे,” ती म्हणाली. “लग्न झालं त्याच वर्षी सासूबाईंनी सांगितलं होतं. बावन्नाव्या वर्षी गेले आजोबा. काविळीने.”

“मग प्यायलीस कशाला, दोन वर्षं? आंबट, कळकलेलं पाणी?”

तिने उरलेलं पाणी संपवलं आणि फुलपात्र माझ्या हातात दिलं.

“सत्तेचाळीस वर्षांत तुम्ही मला हातात आणून दिलेली ती पहिली वस्तू,” ती म्हणाली. “सांडायची कशी?”

पलीकडे टाकीत फौजदार काचेला तोंड लावून आमच्याकडे बघत होता आणि चहाडखोराचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मी फुलपात्र विसळून पुन्हा भरून आणलं. तिच्याजवळ ठेवलं.

“आमचे आजोबा,” मी म्हणालो, “बावन्नाव्या वर्षी गेले.”

ती खुर्चीत सावरून बसली. इतक्या वर्षांत तिने माझ्या कुठल्या गजालीत मधे काही विचारलं नव्हतं.

“मग?” ती म्हणाली.